शिशाच्या वजनांवर दरवर्षी सुरकुत्या येतात? साच्याला कानस लावण्याआधी एवढं तपासा

साचा तोच, शिसं तेच, पळीही तीच. गेल्या वर्षी वजनं गुळगुळीत निघत होती आणि यंदा अंगावर सुरकुत्या पडतात, खालचं टोक भरत नाही, कधी कडेने पापुद्रा येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी दुरुस्तीला निघतात, पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, घेराची पडलेली शिशं नव्याने लावायची असतात, गरवणारे, म्हणजे गळाने मासे धरणारे, पुढच्या मोसमाची वजनं ओतून ठेवतात. तेव्हा ही तक्रार हमखास येते. आणि तिच्यापाठोपाठ ठरलेला उपाय येतो: "साचा झिजला, जरा कानस मारून घे."

कानस खाली ठेवा. दोन अर्धुकांचा, बिजागरीचा धातूचा साचा वर्षभर डब्यात पडून झिजत नाही. झिजायला हजारो वेळा उघडझाप व्हावी लागते. डब्यात पडून तो दोनच गोष्टी करतो: गंजतो, नाहीतर गंजू नये म्हणून लावलेलं तेल पिऊन बसतो. सुरकुत्यांचं मूळ बहुतेक वेळा त्या तेलात असतं, आणि तेल नसेल तर थंड साच्यात. या दोन्हींवर कानस काहीच करत नाही. उलट मिळते पृष्ठ, म्हणजे दोन अर्धुकं जिथे एकमेकांना टेकतात तो भाग, खराब झाले की आजवर नसलेला दोष कायमचा येऊन बसतो.

आधी वजन वाचायला शिका

ओतलेला तुकडा हातात घेऊन उजेडात बघितला की साच्याला काय झालंय ते बरंचसं कळतं. फेकू नका, पहिले दहा तुकडे क्रमाने मांडून ठेवा.

तुकडा चकचकीत आहे पण अंगावर सायीसारख्या सुरकुत्या आहेत, आणि दहाव्या तुकड्यापर्यंत त्या कमी कमी होत गेल्या, तर साचा थंड होता. दुसरं काही नाही. सुरकुत्या दहाव्यालाही तितक्याच आहेत, नेहमी त्याच जागी आहेत आणि तिथे पिवळट-करडा डाग दिसतो, तर तेल. तापलेल्या तेलाची वाफ शिसं आणि साच्याची भिंत यांच्यात अडकते, शिसं भिंतीला टेकतच नाही आणि तिथेच त्याची साय धरते.

कडा गोलसर राहिल्या, अक्षरं किंवा ग्रॅमचा आकडा पुसट उठला, तर साचा थंड, शिसं थंड किंवा हवा बाहेर जायला वाट नाही. टोकाचा एकच कोपरा दर वेळी रिकामा राहत असेल तर हवाच. पृष्ठभाग दुधी-करडा, दाणेदार, दव पडल्यासारखा दिसला तर साचा फार तापला; मिश्र शिशात हे जास्त दिसतं. मासे धरायच्या वजनाला त्याने काहीच बिघडत नाही, दोन मिनिटं थांबलात की पुरे. त्यासाठी साच्यावर ओलं फडकं ठेवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे की ठेवू नका. कारण खाली आहे.

शेंडीखाली, म्हणजे ओतायच्या तोंडापाशी, खड्डा किंवा आत पोकळी दिसली तर साचा निर्दोष आहे. शिसं गोठताना साधारण साडेतीन टक्के आकसतं, आणि तोंडाची नळी आधी गोठली तर आतल्या पोटाला भर मिळत नाही. तोंडावर चांगली ढीगभर शेंडी राहील एवढं ओता, पळी लगेच उचलू नका, शेंडीची चकाकी जाईपर्यंत बारीक धार सोडत राहा. दोनशे ग्रॅमच्या वर जाणाऱ्या वजनांना हे टाळताच येत नाही; तिथे तोंडच आठ-दहा मिलिमीटरचं हवं.

आणि तुकडा काट्यावर ठेवा. शुद्ध शिशाची घनता 11.34, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या गोळीचा व्यास 20.3 मिलिमीटर आणि शंभर ग्रॅमच्या गोळीचा 25.6 येतो. कॅलिपरवर व्यास बरोबर पण वजन दोन-तीन टक्के कमी, तर आत पोकळी आहे किंवा शिशात अँटिमनी (शिसं टणक करणारा धातू) किंवा कथील मिसळलेलं आहे. करवतीने एक तुकडा कापून बघा, वाद मिटतो.

तेल काढणं

नुसतं फडक्याने पुसून तेल जात नाही. ते हवेच्या बारीक चरांत आणि बिजागरीत बसतं, साचा तापला की पातळ होऊन पुन्हा साच्याच्या पोकळीत उतरतं. म्हणून पहिले चार तुकडे छान निघतात आणि पाचव्यापासून सुरकुत्या सुरू होतात. हे चित्र दिसलं की तेल बिजागरीतून किंवा अर्धुकं जुळवणाऱ्या खिळीच्या भोकातून येतंय असं समजा.

साचा उघडून, मूठ लाकडी असेल तर ती काढून, एखाद्या जुन्या पातेल्यात भांडी घासायच्या द्रव साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. पातेलं पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नये. जुन्या दातांच्या ब्रशने चर आणि बिजागरी घासा, स्वच्छ गरम पाण्यात काढा, झटका, आणि मंद शेगडीवर पत्र्याच्या तुकड्यावर वीस-पंचवीस मिनिटं उघडा ठेवून पूर्ण सुकवा. वरून कोरडा दिसणारा साचा बिजागरीत पाणी धरून असतो. ॲसिटोन किंवा थिनरनेही तेल जातं, पण ते काम उघड्यावर, शेगडी पेटवण्याच्या कितीतरी आधी, आणि साचा पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ नाही.

ॲल्युमिनियमच्या साच्याला धुण्याचा सोडा लावू नका, तो ॲल्युमिनियम खातो. चिंच, लिंबू, भांडी उजळायची पावडर, तारेची घासणी यांतलं काहीही नको. साचा तांब्या-पितळेच्या भांड्यासारखा लखलखीत व्हावा ही हौस घातक आहे. पोकळीच्या भिंतीवरचा फिकट तपकिरी-करडा थर हा मळ नव्हे. तो शिशाला भिंतीला चिकटू देत नाही. नवा कोरा साचा म्हणूनच सुरुवातीला त्रास देतो, त्यात लेथवरचं कटिंग ऑइलही असतं. दोनतीन वेळा तापवून थंड केला की तो ताळ्यावर येतो.

साचा किती तापवायचा

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. कढईतलं शिसं 370 ते 400 च्या दरम्यान ठेवा आणि साचा 150 ते 200 च्या आसपास. तेल नसताना येणाऱ्या बहुतांश तक्रारी या दोन आकड्यांपैकी दुसरा चुकल्यामुळे असतात. लोक शिसं आणखी तापवतात आणि साचा गारच राहतो. तसं केल्याने सुरकुत्या थोड्या कमी होतात खऱ्या, पण मळी (शिशावर तरंगणारी करडी राख) दुप्पट येते, कथील जळून जातं आणि पापुद्रा सुरू होतो.

तापमान बघायला के-टाइप थर्मोकपलचा साधा मीटर घ्या. लांबून नेम धरून मोजायची इन्फ्रारेड बंदूक चकचकीत शिशावर खोटं सांगते, फार कमी आकडा दाखवते. मीटर नसेल तर खूण अशी: मळी बाजूला केल्यावर शुद्ध शिशाचा पृष्ठभाग काही सेकंदांतच निळा-जांभळा होत असेल तर फार तापलंय. पूर्ण कोरडी लाकडी काडी बुडवल्यावर लगेच काळवंडावी, पण पेट घेऊ नये.

साचा तापवायला हॉटप्लेट उत्तम. साचा मिटवून, कडेला, पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. गॅसच्या ज्योतीवर साचा थेट धरायचा नाही. एक बाजू तापते, दुसरी गार राहते आणि ॲल्युमिनियम वाकतं. ॲल्युमिनियमच्या साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशात तीस सेकंद धरायची युक्तीही चालते. बाहेर काढल्यावर कोपऱ्याला शिसं चिकटून आलं तर अजून धरा, स्वच्छ निघाला तर साचा तयार. अट एकच, साचा हाडापर्यंत कोरडा हवा. पावसाळ्यात आधी हॉटप्लेटवर शेकल्याशिवाय ही युक्ती करू नका.

नंतर लय सांभाळा. पन्नास ग्रॅमच्या वजनाला मिनिटाला दोन-तीन ओतणी पडली तर साचा आपली ऊब आपणच राखतो. मध्ये थांबून प्रत्येक तुकडा न्याहाळत बसलात, शेंड्या कापत बसलात, की साचा निवतो आणि पुन्हा सुरकुत्या. कौतुक नंतर करा.

शिसंच वाहत नसेल तर

निव्वळ शुद्ध शिसं थोडं आळशी असतं, बारीक कोपऱ्यात शिरायला कुरकुरतं. किलोमागे दहा ते वीस ग्रॅम कथील घातलं की तेच शिसं कोपऱ्यात धावतं. सुटं कथील मिळालं नाही तर 60/40 ची सोल्डर तार घ्या. पंचवीस ग्रॅम तारेत पंधरा ग्रॅम कथील असतं, एका किलोला पुरे. चिमटून दोरीला लावायची जाळ्याची शिशं आणि फटीच्या गोळ्या मात्र मऊच हव्यात, त्यांत कथील नको आणि अँटिमनी तर नकोच. पक्कड दाबली की चिरतात.

जुन्या छापखान्यांचे खिळे अजून भंगारात दिसतात. त्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं, म्हणूनच अक्षर इतकं धारदार उठायचं. दहा भाग शिशाला एक भाग खिळे घातले तर गळाची वजनं सुरेख, टणक निघतात. खिळे सुबक, पूर्ण संचात असतील तर वितळवू नका, कुणाला तरी ते हवे असतील.

गाडीच्या चाकांची वजनं वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. त्यांत आता जस्ताची आणि लोखंडाची पुष्कळ येतात, कित्येकांवर झेडएन किंवा एफई अशी इंग्रजी खूण असते. जस्त 419 अंशांना वितळतं. कढई चारशेच्या खाली ठेवली तर जस्ताची वजनं तरंगतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. दुर्लक्ष केलं, कढई तापत गेली आणि जस्त मिसळलं, तर शिसं रव्याच्या खिरीसारखं दाणेदार होतं आणि कुठल्याच साच्यात नीट भरत नाही. घरी ते वेगळं काढता येत नाही. ती लगड खूण करून बाजूला ठेवा आणि भंगारात द्या.

बॅटरीच्या पट्ट्या वापरायच्याच नाहीत. त्यांत आम्ल आणि शिशाचे क्षार असतात, आणि कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असलेल्या मळीला ओल लागली तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात. शिवाय 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणालाच जायला हवी.

मळीबद्दल थोडं. शिसं वितळल्यावर सुपारीएवढा मेणाचा तुकडा टाका, धूर येईल, काडीने पेटवा, आणि कोरड्या लोखंडी पळीने तळापासून ढवळा. वर आलेली करडी पावडर काढून झाकणाच्या डब्यात टाका. मळी साच्यात गेली की तुकड्यावर काळे ठिपके आणि बारीक खड्डे पडतात. लोक त्यालाही साच्याचा गंज समजतात. पळी कढईत बुडवून तळाजवळून भरा, वरून खरवडून भरू नका.

कडेचा पापुद्रा

पापुद्रा म्हणजे दोन अर्धुकं पूर्ण मिटलेली नाहीत. का मिटत नाहीत, ते पुढच्या क्रमाने शोधा. क्रम मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे आहे.

पहिला संशय तारेवर. कडीसाठी साच्यात ठेवायची पितळी तार खोबणीपेक्षा जाड असेल, किंवा पीळ दिल्यावर जाड झाली असेल, तर साचा मिटूच शकत नाही. 18 गेजची तार 1.2 मिलिमीटर असते, 16 गेजची 1.6. खोबण 18 ची आणि दुकानात 16 मिळाली म्हणून ती दाबून बसवली, एवढंच कारण अनेकदा निघतं. पीळ पोकळीच्या आत येऊ द्या, खोबणीत नको.

मग शिशाचे कण. मिळत्या पृष्ठावर टिकलीएवढा शिशाचा थेंब चिकटला तरी पापुद्रा येतो. चाकूने खरवडू नका. साचा चांगला तापवा, आणि थेंब मऊ झाला की कोरड्या बांबूच्या चपट्या काडीने ढकला किंवा जाड सुती फडक्याने पुसा. बांबू ॲल्युमिनियमला ओरखडा पाडत नाही. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा पाडला की त्याची उचललेली कड दुसऱ्या अर्धुकाला कायम दूर धरते. असा ओरखडा आधीच असेल तर बोटाच्या नखाने चाचपून उंचवटा शोधा आणि फक्त तेवढाच, बारीक तेलदगडाच्या कोपऱ्याने, अलगद बसवा.

तिसरं, बिजागरी आणि जुळवणीच्या खिळ्या. खिळीत मळी साठली की ती पूर्ण आत जात नाही. खिळीला साचा कोमट असताना मेणबत्तीचा कोपरा नुसता टेकवा, किंवा टू-स्ट्रोक तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा अंश. त्याहून जास्त लावलंत तर लेख पुन्हा "तेल काढणं"पासून वाचायला लागेल.

एवढं करून पापुद्रा राहिलाच, तर साचा वाकलाय का ते बघा. एका अर्धुकाच्या मिळत्या पृष्ठावर कापराची काजळी धरा, थंड झाल्यावर साचा अलगद मिटवा आणि उघडा. दुसऱ्या बाजूला काजळी सगळीकडे उठली तर साचा सरळ आहे. फक्त बिजागरीकडे किंवा फक्त टोकाकडे उठली तर वाकलाय. मिटवून मागे मोबाइलचा टॉर्च धरला तरी फट दिसते. तापमानाने फुगणं मात्र दोषात धरू नका: पन्नास मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियम 180 अंश वर गेलं की 0.2 मिलिमीटर वाढतं, बीड (ओतीव लोखंड) त्याच्या निम्म्याने. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या साच्यात लोखंडी खिळ्या थंड असताना सैल आणि गरम असताना घट्ट, किंवा उलट, वागतात.

खरंच वाकलेला साचा जाड काचेवर चारशे आणि मग सहाशे नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचे दोन थेंब टाकून, आठच्या आकड्यात फिरवून सरळ करता येतो. पण हिशेब करून. दोन्ही अर्धुकांवरून पाव-पाव मिलिमीटर गेलं तर पन्नास ग्रॅमची गोळी 48 ग्रॅमवर येते, आकार लंबगोल होतो आणि हवेचे चर पुसले जातात. हातातल्या कानशीने पाव मिलिमीटर जायला दोन मिनिटं लागतात, तेही एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. कानशीला इतका विरोध यासाठीच.

तुकडा सुटत नाही

साचा उघडला आणि वजन एका अर्धुकात घट्ट बसलं, तर साच्याला हातोडी मारू नका. बिजागरीच्या खिळीवर लाकडी मुठीने टकटक करा. तरी नाही सुटलं तर बंद करून आणखी दोन मिनिटं तापवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

कारणं बहुतेक तीन. फार लवकर उघडला: पन्नास ग्रॅमला शेंडीची चकाकी गेल्यावर पाच ते आठ सेकंद, दोनशे ग्रॅमला वीस ते तीस सेकंद थांबायला हवं. पोकळीच्या कडेला मार लागून आत वळलेली बारीक कड आहे: ती नखाला लागते, तीच तुकड्याला आकड्यासारखी धरते; तेवढीच कड तेलदगडाने काढा. किंवा भिंत फार चकचकीत घासली गेली आहे: तिच्यावर कापराची काजळी धरा, पातळ, करड्या कापडासारखी दिसेल इतकीच. मेणबत्तीची काजळीही चालते, पण ज्योत जवळ नेली तर मेण बसतं आणि मेण म्हणजे पुन्हा सुरकुत्या. जाड काजळीने वजन कमी भरतं आणि आकडे पुसट येतात.

आरपार भोकाच्या वजनात पिन अडकते, कारण शिसं आकसताना तिला आवळतं. पिन किंचित निमुळती हवी, तिच्यावर साध्या पेन्सिलीचं शिसं घासा, म्हणजे ग्राफाइट, आणि तुकडा गरम असतानाच पिळून काढा. थंड झाल्यावर ती पक्कडीनेही हलत नाही.

हवेचे चर बुजले असतील तर टोकदार बांबूची काडी किंवा पितळी ब्रश पुरतो. चरच नसलेल्या स्वस्त साच्यात, सगळं करून एकच कोपरा रिकामा राहत असेल तेव्हाच, पोकळीच्या त्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत स्क्राइबरने, म्हणजे रेघ मारायच्या टोकदार सळईने, एक रेघ ओढा, खोली 0.05 ते 0.1 मिलिमीटर. हवा जाते, शिसं जात नाही. रेघ ओढताना उचललेली कड तेलदगडाने बसवायला विसरू नका.

पावसाळा, पाणी आणि जीव

शिशाच्या साच्याचं काम आपल्याकडे नेमकं वर्षातल्या सगळ्यात ओल्या दोन महिन्यांत निघतं, ही यातली खरी अडचण. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणात सोळाशेपट आकारमानाची वाफ होते आणि कढईतलं शिसं तोंडावर येतं. पाणी शिशावर पडलं तर सहसा चुरचुरतं. शिशाच्या खाली गेलं तर उडतं. म्हणून धोका ओल्या साच्यात, गार पळीत, आणि कढईत नव्याने टाकलेल्या दमट तुकड्यात आहे. नवीन शिसं तसंच वितळलेल्यात टाकायचं नाही. ते दुसऱ्या दिवशी थंड कढईत आधी भरा, किंवा कढईच्या काठावर शेकून मगच सोडा. पळीही आधी शिशावर धरून तापवा. समुद्रातून आलेल्या जुन्या शिशांच्या भोकात मीठ, वाळू आणि ओल असते, ती तर फक्त थंड कढईतूनच सुरुवात करावीत.

जागा पडवी असावी, पण पागोळ्यांपासून दूर. स्वयंपाकघर कधीच नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिसं वितळवू नका. एक लिटरच्या भांड्यात अकरा किलो बसतं, आणि तापलेलं ॲल्युमिनियम तेवढं पेलत नाही. जाड लोखंडी कढई घ्या, ती सपाट, न हलणाऱ्या शेगडीवर. चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट, चामड्याचे हातमोजे. नायलॉन अंगाला चिकटतं.

चारशे अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. खरं विष मळीच्या पावडरीत आणि हातांवर असतं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, तेव्हा ती आणि गरोदर बाई त्या बाजूला नकोत. काम चालू असताना तंबाखू, चहा, विडी बंद. नंतर साबणाने हात कोपरापर्यंत, कपडे वेगळे धुवायचे. झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. अर्थात कढई थंड झाल्यावर. मळीचा डबा भंगारवाल्याकडे जावा, माडाच्या आळ्यात किंवा खाडीत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करून शिसं ओतायचा मोह काहींना होतो, गणपतीच्या कारखान्यांमुळे प्लास्टर हाताशी असतं. वाळलेल्या जिप्समच्या आतही पाणी रासायनिक रीतीने बांधलेलं असतं, आणि ते दीडशे अंशांच्या आसपास सुटायला लागतं. साचा फुटतो, शिसं उसळतं. धातूचाच साचा बरा.

साचे ठेवायचे कसे

बीड किंवा लोखंडी साच्याला खाऱ्या हवेत चार दिवसांत तांबेरा येतो. हलका तांबेरा रॉकेल आणि पितळी ब्रशने निघतो. पॉलिश पेपर लावायचाच तर फक्त पोकळीत, मिळत्या पृष्ठावर नाही. खोल खड्डे पडले असतील तर ते भरता येत नाहीत, पण बारीक खड्ड्यांच्या साच्यात वजनं ओतायला काही हरकत नाही, ती समुद्राच्या तळाशीच जायची आहेत. ॲल्युमिनियमला गंज येत नाही असं समजू नका. लोखंडी खिळी आणि मीठ यांच्या संगतीत ते पांढरी पूड सोडतं, आणि नेमकं खिळीच्या भोकातच.

शेवटचं वजन साच्यातच राहू द्या. पोकळीला मार लागत नाही आणि दमट हवा आत जात नाही. साचा हाताला कोमट लागेल इतका निवल्यावर, फक्त बाहेरून आणि बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, पोकळी कोरडीच. लोखंडी साच्याच्या पोकळीत तेल लावणं भागच असेल तर डब्याच्या झाकणावर पेनाने "आत तेल" असं लिहा, पुढच्या जूनमध्ये तेवढं वाचलं की कानस शोधायची वेळ येणार नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेल टाका. रंग बदलणारे निळे दाणे गुलाबी झाले की 120 अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरा.

साचा जपायच्या या युक्त्यांपैकी बऱ्याच अमेरिकेत घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांनी घासूनपुसून पक्क्या केल्या आहेत; काजळी, कोपरा बुडवणं, शेवटचा तुकडा आत ठेवणं, सगळं त्यांच्याकडे नेहमीचं. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय गोळी बनवणं गुन्हा आहे, तेव्हा घ्यायची ती साच्याची विद्या. आणि परदेशातून एक धडा उलटाही आहे: ब्रिटनने हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची छोटी वजनं 1987 सालीच बंद केली. गोड्या पाण्यात, तळ्याकाठी गरवत असाल तर बारीक गोळ्या पाण्यात सोडू नका; तुटलेल्या दोरीबरोबर काठावर पडलेल्याही उचलून घरी आणा. पुढच्या ओतणीत त्या तशाही कामी येतात, आधी वाळवून.